खालचा ठोका ऐकू येतोय तोवर

बुधवार, ता. ३

प्रिय भिंगरी,

आजी सांगते आहे, मी लिहिते आहे. आजीची तब्येत बरी आहे. गुडघे नेहमीप्रमाणे. दुकानात काम भरपूर आहे. मागच्या दाराची कडी बदलली. आजीने तुला आशीर्वाद सांगितले आहेत.

ताई


रविवार, ता. ७

माझ्या भिंगरीला तिच्या आजीचे ओंजळभर आशीर्वाद. सांडतील, जपून घे.

बुधवारचं पत्र मिळालं असेल. ते मीच सांगितलं होतं, जेवण झाल्यापासून चहाच्या वेळेपर्यंत. तुझ्या ताईने पाकीट बंद करून माझ्या हातात दिलं, तर आत कागद आहे की नाही ते मला चाचपून बघावं लागलं. म्हटलं, "एवढ्यात संपलं?" म्हणाली, "महत्त्वाचं सगळं आलंय." दुकानातल्या पुठ्ठ्याच्या कातरणात मांजर व्यालीय आणि तिची पिल्लं मी राखतेय, हे त्यात आलंय का? नसणार. आयुष्यभर मी लोकांची पुस्तकं शिवली, बांधली, पण त्यातलं एक अक्षर मला कळत नाही, आणि त्याचा फायदा घेणारी घरातलीच निघावी.

म्हणून आज जिना चढून वरच्या मजल्यावर आलेय. इथे एक नर्स राहायला आलीय. सुई टोचताना बोलतात तसं बोलते, "झालं हं आजी, झालं." अजून काहीच झालेलं नसतं. पण मी बोलेन ते सगळं लिहायचं, शिव्यांसकट, हे तिने कबूल केलंय. आत्ता म्हणतेय, "आजी, जरा हळू." हेही लिही गं.

फोन का नाही केलास, म्हणशील. फोन ताईच्या टेबलावर असतो. आणि फोनवर तू आधी हसतेस, मग रडतेस, आणि मी जे सांगायला घेतलेलं असतं ते माझ्या तोंडातच राहतं. कागदावर तरी तू मधे बोलणार नाहीस.

खाली ताई शिवलेल्या पुस्तकांच्या पाठी हातोडीने ठोकून गोल करतेय. तो ठोका ऐकू येतोय तोवर मी बोलणार. थांबला की गप्प. ठोका आता पूर्वीसारखा पडत नाही. एक पडतो, मग बराच वेळ काही नाही. मी इथे बसल्या बसल्या पुढच्याची वाट बघते, मग उठून खिडकीशी जाते, मग परत येते. नर्स म्हणते, आजी, एका जागी बसा. एका जागी बसायला मी काय तुझी पेशंट आहे?

जाऊ दे ते. तुझ्या नव्या नोकरीत दिवसभर माणसं भेटतात, हे ऐकून बरं वाटलं. तुला माणसं लागतातच. लहानपणी कुणाला पाण्याचा ग्लास आणून दिलास तरी 'शाब्बास' ऐकेपर्यंत तू तिथून हलायची नाहीस. आणि ताईला शाब्बास म्हटलं की ती म्हणायची, "दोरा दे." एका ताटात जेवलात, एका पांघरुणात झोपलात, आणि एकीचं निघालं गाणं, एकीचं निघालं कुलूप. तुमचे बाबा म्हणायचे, "आई, यातली एक तू दवाखान्यात बदलून आणलीस. कुठली ते सांग, म्हणजे परत करता येईल."

त्याचं नाव निघालंच आहे तर बोलते.

तो गेला तेव्हा तू घर माणसांनी भरून टाकलंस. ज्याला त्याला धरून रडलीस, त्याच्या गमती सांगितल्यास, रडणाऱ्यांना हसवलंससुद्धा. ताई दुकानाचं दार लावून, त्याने अर्धवट ठेवलेली पुस्तकं शिवत बसली. तू दारावर थाप मारून म्हणालीस, "दगड आहेस तू." ती आतून म्हणाली, "आणि तुला रडायलाही प्रेक्षक लागतात." कुठे मारलं की लागतं ते दोघींना बरोबर ठाऊक. माझा तो मुलगा होता, भिंगरी. पण एका खोलीत तुझी गर्दी, दुसरीत तिचं बंद दार, मला रडायला जागा कुठे ठेवली होतीत? मी भांडी घासत बसले. घासलेलीसुद्धा परत घासली.

दुसऱ्या आठवड्यात तू गेलीस ती गेलीसच, आता येतेस ती पाहुणीसारखी.

आता पुढचं नीट ऐक. तुझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तू खोलीत पडून होतीस आणि कुणी तिकडे फिरकलं नाही, असं तू आजही म्हणतेस. फिरकणार कसं? बाहेर ताई बसली होती. आत्या आली, तिला तिने दारातूनच परत पाठवलं. तुझ्या मैत्रिणींना म्हणाली, झोपलीय. मला म्हणाली, "आजी, तिला एकटी राहू दे, तेवढंच बरं वाटेल." काम टाकून तुझं दार राखत बसली होती ती. तिला स्वतःला जे हवं असतं ते तिने तुला दिलं. आणि मशीनमध्ये तिचं बोट चेपलं तेव्हा तू काय केलंस? सगळी गल्ली गोळा केलीस, गाणी म्हणायला लावलीस. ती गच्चीवर टाकीमागे जाऊन लपली. तूही तेच केलंस, तुला हवं ते तिला दिलंस. माप आपलं घ्यायचं आणि झंपर दुसरीला घालायचा, मग म्हणायचं, हिचं अंगच वाईट.

नर्स विचारतेय, हे सगळं आज कशासाठी? तिला माहीत आहे कशासाठी. ती मला पुढे ढकलतेय.

बरं. सांगते.

ताईच्या हातांत जोर राहिलेला नाही. उजव्यात तर नाहीच. सुई सुटते, खळीचा ब्रश सुटतो. परवा मला चहा देताना कप सुटला, आणि ती फुटलेल्या कपाकडे बघत नुसती उभी राहिली. मी म्हटलं, जुनाच होता. मनगटातली नस दबलीय. पुढच्या मंगळवारी, सोळा तारखेला, ऑपरेशन आहे. ऑपरेशन साधं असतं म्हणतात, पण तिने इतके दिवस अंगावर काढलंय की बोटांतली सगळी ताकद परत येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत.

बुधवारच्या पत्रातलं अक्षर बघून तुला काही वाटलं का? मला कसं कळावं, मला तर सगळीच अक्षरं वाकडी दिसतात.

अगं, थांब. मला आत्ता बोलता बोलता लक्षात येतंय. ते पत्र एवढंसं का झालं ते. दुखऱ्या हाताने जेवढं ओढवलं तेवढं ओढलं पोरीने, आणि मी पाकीट चाचपून टोमणा मारला. नर्सबाई, वर मी तिला नावं ठेवलीत ना, ते खोडा. नको, राहू दे. भिंगरीलाही बघू दे, तिची आजी किती शहाणी आहे ते.

तुला कळवायचं नाही, असं ताईने माझ्याकडून वचन घेतलंय. म्हणाली, "ती येईल, रडेल, अख्ख्या वॉर्डाशी मैत्री करेल, आणि पट्टी बांधलेल्या हाताने मला तिलाच सांभाळावं लागेल." यात खोटं काही नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं, आणि आज इथे बसून ते मोडतेय. तुझा शब्द मोडला असता तर तू आदळआपट केली असतीस आणि जेवायला बसली असतीस. ती बोलणं सोडेल. मला तिच्याजवळ राहायचंय, रोज, एका छपराखाली. मी काय पणाला लावलंय ते ध्यानात घे.

तू एक काम सोडून दुसरं धरतेस, जाशील तिथे रुजतेस. तिला दुसरं काही नाही. हात चालेनासे झाले तर ते ती मला सांगणार नाही, स्वतःलाही सांगणार नाही. म्हणून ये. आदल्या सोमवारपर्यंत ये. पण तुझ्यासारखी येऊ नकोस. दुखतंय का, विचारू नकोस. तिच्या शेजारी बस आणि राहिलेली पुस्तकं शिवायला घे. तुझे टाके वाकडे पडतील, ती उसवायला लावेल. लावू दे. तेवढा वेळ ती तुझ्याशी बोलेल तरी.

ठोका थांबलाय.

नर्स म्हणते, चहाला उठली असेल. या वेळी ती चहा घेत नाही. जिन्यावर कोणीतरी


पुढचं थोड्या वेळाने सांगतेय, नर्स लिहितेय.

ताई वर आली होती. कागद टेबलावर होते तसेच ठेवून तिने उभ्या उभ्या सगळे वाचले, हातात धरले नाहीत. मी मांजरीच्या पिल्लांबद्दल बोलायला लागले. कुणी ऐकलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "दार राखल्याचं तिला सांगायची काही गरज नव्हती." आणि निघाली. मी म्हटलं, झालं, आता हिचं तोंड मिटलं. तर जिन्यातून, मागे न बघता, म्हणाली, "तिला लिही, स्टेशनवर न्यायला मी येते."

भिंगरी, ती आजवर कुणाला आणायला गेलेली नाही. ज्याला रस्ता ठाऊक आहे त्याला आणायला कशाला जायचं, हे तिचं म्हणणं. आणि तू दर वेळी उतरलीस की मान उंच करून शोधत असणार, कारण एवढंसं तोंड करून एकटीच घरी येतेस. मला वाटायचं, हे फक्त मलाच दिसतं.

तर ती दिसेल. डब्याच्या दारातून हाका मारू नकोस. गळ्यात पडू नकोस. बॅग तिच्याकडे देऊ नकोस, आणि "राहू दे, मी घेते" असंही म्हणू नकोस. मग करू काय, म्हणशील. ते मला विचारू नकोस. तुम्हा दोघींना एकाच वेळी चालेल असं काही मला आजवर सापडलेलं नाही. तिने तिच्या बाजूने सुरुवात केलीय, आता तू तुझ्या बाजूने बघ.

घरी चालत या. लांबच्या रस्त्याने आलात तरी जेवण झाकून ठेवीन.

दोघींची मिळून एकच असलेली,
आजी