बाबांचा घास

क्लँग, मलेशिया
सर्वपित्री अमावस्या

रुचिताताई,
लांबूनच तुझ्या पाया पडतो. मी बरा आहे. हाताला टाके पडलेत, ते आईला सांगू नकोस. नवघरला आपल्या गच्चीवर कावळा आला का गं?

मला रजा नाही मिळाली. कामावरून सुटून नेहमीच्या चिनी टपरीवर गेलो. तिथे सासू-सुना मिळून डुकराच्या बरगड्यांचं सूप करतात, औषधी काढ्यासारखं काळं. बाबांना हाडं चोखायला आवडायची ना, म्हणून भातावर एक बरगडी ठेवून ताटली फुटपाथच्या कडेला ठेवली.

एका दारुड्याने ती लाथेने उडवली. बाबा आईचं ताट उडवायचे, अगदी तशीच.

मी माझ्या सूपचा गरम वाडगा त्याच्या तोंडावर फोडला. त्याने फुटक्या बाटलीने माझा हात चिरला, तरी मी त्याला खाली पाडून मारतच होतो. शेवटी टपरीवरच्या म्हाताऱ्या सासूने टेबलावर सत्तूर आपटला.

"एका मेलेल्याला वाढलंस, आता दुसरा मारतोस?"

तेव्हा थांबलो.

ताई, मारताना माझ्या तोंडून एकच शिवी निघत होती. बाबा आईला द्यायचे तीच.

आईला एवढंच सांग, पिंटूने घास ठेवला होता.

तुझा,
पिंटू