मी चालवली की काटा चढतो

१ एप्रिल, मंगळवार

इंजिनच्या तापमानाचा काटा पुन्हा चढला. भांडुपला, सोनापूरच्या सिग्नलवर, तांबड्या रेघेपर्यंत. बहीण, कमल, मागच्या सीटवर आडवी होती. तिला सांगितलं नाही. सिग्नल सुटला, गाडी धावू लागली, तसा काटा उतरला. कांजूरला तिच्या दारात पोचेपर्यंत मध्यावर.

परवा प्रीतम हीच गाडी घेऊन बोरिवलीला सासुरवाडीला गेला होता. घोडबंदरला तासभर अडकला म्हणे. काट्याचं विचारलं. “काटा? मध्यावर होता.” माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी चालवली की चढतो. मुलाने चालवली की नाही. यंत्र माणूस बघून तापत नाही. बत्तीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत काढली, एवढं मला कळतं.

३ एप्रिल, गुरुवार

आज वही शेजारच्या सीटवर ठेवली होती. सिग्नलला थांबलं की काटा बघायचा, लिहायचं. नियम दिसतो — थांबलं की चढतो, चाललं की उतरतो.

कमलचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. सेंटर इथे मुलुंडला. झाल्यावर तिला बसवत नाही, रिक्षात उलटी होते. टॅक्सीवाले जवळचं भाडं ऐकून रद्द करतात. हे होते तोवर हेच तिची ने-आण करायचे. ह्यांना जाऊन अकरा महिने झाले. मग प्रीतम करायचा. मार्चपासून त्याचं ऑफिस लांब गेलं, तेव्हापासून मी. लायसन्स वीस वर्षांचं, हात एका महिन्याचा.

ड्रायव्हरच्या सीटला अजून ह्यांच्या तेलाचा वास आहे. गुडघ्याच्या. रोज संध्याकाळी मीच लावायचे. तेवढी पंधरा मिनिटं आमचं भांडण व्हायचं नाही.

प्रीतम जेवताना म्हणाला, “आई, एकसष्टाव्या वर्षी एलबीएस रोडवर गाडी कशाला? विकून टाकू. माझ्या ऑफिसातला देवेश घेतो म्हणतोय.”

घेतो म्हणतोय. म्हणजे बोलणं झालेलं आहे. मला न विचारता.

५ एप्रिल, शनिवार

तांबड्याच्या खाली अर्धं बोट. गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबले. कमल झोपलेली.

८ एप्रिल, मंगळवार

कमलला सोडून विकीच्या गॅरेजला गेले. वाचलं आहे सगळं — इंजिनातल्या पाण्यात एक सेन्सर असतो, तो काट्याला तापमान कळवतो. त्यावर क्षार साचले की तो चुकीचं सांगतो. विकीला म्हटलं, सेन्सर बदल.

“काकी, आधी गाडी उभ्या उभ्या गरम करू. फॅन लागतो का बघू.”

वेळ काढतोय असं वाटलं. म्हटलं, सेन्सरच बदल.

“तुम्ही म्हणाल तसं.”

जुना सेन्सर मागून घेतला. त्याचं तोंड जरा उतरलं. का उतरावं?

१० एप्रिल, गुरुवार

नवा सेन्सर, तरी सोनापूरला काटा तिथेच.

घरी येऊन जुना सेन्सर दुधाच्या पातेल्यात टाकला, मल्टिमीटर जोडला, शेजारी थर्मामीटर. जितकं गरम तितका रोध कमी व्हायला हवा. तीस अंशांना सतराशे ओहम. पाणी उकळलं तेव्हा एकशे नव्वद. मधले आकडेही ओळीत. निवताना उलटे घेतले, तेही बरोबर. जुना सेन्सर ठणठणीत आहे.

विकीला फोन केला. चांगला सेन्सर का काढलास? म्हणाला, “काकी, मी फॅन बघू म्हणालो होतो. सेन्सर तुम्हीच म्हणालात.”

खरं आहे. पण त्याने मला अडवायला हवं होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

सेन्सर खरं सांगत होता. म्हणजे गाडी खरोखर तापते — माझ्याच हातात. मग खोटं कोण बोलतंय?

१२ एप्रिल, शनिवार

वाट लागली आज. भांडुपला रस्ता खणलाय, एक लेन. बॉनेटमधून वाफ आली. गाडी बंद केली. कमलला धरून उतरवली, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर बसवली. ती तिथेच ओकली. दुकानदाराने पाणी दिलं. एक रिक्षावाला फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला. ओरडून थांबवलं त्याला! गरम असताना उघडलं असतं तर तोंड भाजलं असतं त्याचं.

पाऊण तास बसलो. कमलला म्हटलं, प्रीतमने गाडीत काहीतरी करून ठेवलंय. मी चालवायचं सोडावं म्हणून.

ती डोळे मिटून होती. “गो ताई, तुका सगळेच चोर दिसतत. म्हणान कोण तुका काय सांगणा नाय.”

आजारी आहे म्हणून ऐकून घेतलं.

प्रीतमला कळलंच. “बास झालं. पुढच्या रविवारी देवेश गाडी बघायला येतोय.” आणि मावशी कशी येणार-जाणार? “बघू काहीतरी.”

काहीतरी.

१३ एप्रिल, रविवार

प्रीतमला म्हटलं, विकायच्या आधी मला घेऊन एक फेरी मार. भर बाजारातून. त्याच्या डाव्या बाजूला बसून वीस मिनिटं फक्त काटा आणि त्याचे हात बघितले.

काटा मध्यावर. हलला नाही. गिअर माझ्यासारखेच टाकतो. क्लचवर पाय माझ्यापेक्षा जास्त ठेवतो. वेगळं काहीच नाही. सिग्नलला फक्त उजवा गुडघा चोळत होता. अगदी बापासारखा. चौतिसाव्या वर्षी! हाडांच्या डॉक्टरांकडे जा म्हणायला हवं. आज नाही म्हटलं. आज मी त्याच्याशी बोलत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

तीन टॅक्सी रद्द झाल्या. कमल रिक्षाने गेली, रिक्षाने आली. परत आली ती पांढरीफटक.

दुपारी थंड इंजिनावर बॉनेट उघडलं. विकी म्हणाला होता ना, फॅन बघू. फॅनजवळ रेडिएटरवर आणखी एक सेन्सर सापडला. त्याच्या दोन वायरी कापलेल्या. सरळ, पक्कडीने. टोकांना काळी टेप.

फोटो काढून ठेवला. प्रीतमला दाखवायचा नाही अजून.

१६ एप्रिल, बुधवार

विकीला घरी बोलावून घेतलं. तो म्हणाला, “काकी, सेन्सर दोन. एक काट्याला सांगतो, दुसरा फॅन लावतो. तुमचा दुसरा तोडलाय. गाडी धावते तेव्हा वारा लागतो, थांबली की फॅन हवा. तो लागतच नाही.”

कधी तोडला?

त्याने टेप नखाने खरवडली. तिचा भुगा झाला. “सात-आठ वर्षं तरी झाली.”

सात-आठ वर्षांपूर्वी प्रीतमला गाडी येतही नव्हती नीट.

“फॅन डायरेक्ट केलाय कोणीतरी. वायर आत गेलीय बघा.” मी वायरीवरून बोट फिरवत गेले. बॉनेटमधून आत, स्टीअरिंगच्या खाली, उजवीकडे. गुडघ्याला लागेल अशा जागी एक बटण. शेजारच्या सीटवरून दिसत नाही. दाबलं. समोर फॅन घरघरला.

प्रीतम आला तेव्हा मी गाडीतच बसले होते. बटण दाबून दाखवलं.

“बाबांनी बसवून घेतलं होतं. तो सेन्सर मिळत नव्हता तेव्हा. म्हणाले, आईला सांगू नको, जुगाड केला म्हणून महिनाभर ऐकवेल.”

मला तर ह्यांनी नवा सेन्सर बसवला असं सांगितलं होतं.

“हो.”

आणि तू? मी रोज काटा चढतो म्हणून सांगत होते ना?

“आधी खरंच लक्षात आलं नाही. माझा हात आपोआप जातो तिथे.” मग म्हणाला, “नंतर आलं. मुद्दाम नाही सांगितलं. वाटलं, कंटाळून सोडशील. मला भीती वाटते गं तुझी, त्या ट्रकांमध्ये.”

मावशी पायरीवर ओकली, तेव्हा?

त्याने देवेशला फोन लावला, माझ्यासमोरच. गाडी विकायची नाही म्हणाला.

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता. अर्धा खरा होता. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

सोनापूरला थांबले, बटण दाबलं. काटा मध्यावर. कमल घोरत होती.

विकी म्हणतो, फॅनचा नवा सेन्सर आता मिळतो. तो बसवतो आणि बटण काढून टाकतो. सेन्सर बसव म्हटलं. बटण राहू दे.

१८ एप्रिल, शुक्रवार

सिग्नलला गाडी थांबली की ह्यांचा हात उजव्या गुडघ्याकडे जायचा. उतरतानाही जायचा. ते बघूनच मी तेल आणलं होतं.

म्हणजे गुडघा दुखतच नव्हता.

आठ वर्षं, रोज संध्याकाळी, पाय पुढे करून बसायचे. “जरा वर — हां, तिथेच,” म्हणायचे.