आप्पांच्या डोळ्यांमधले अंतर

३ फेब्रुवारी, मंगळवार

क्षमा असावी. जिने आजवर दुसऱ्यांनी लिहिलेलेच मुकाट्याने वाचले, तिने एकाएकी स्वतःविषयी लिहायला बसणे हा आगाऊपणाच. पण क्षमा तरी कुणाची मागते आहे? कागदाची! तो बिचारा काय बोलणार. आणि आज घडले ते सांगावे असे दुसरे कोणी सुचत नाही.

नोकरीचा दुसरा दिवस, आणि आजही उलटी झाली.

आमची कंपनी हेडसेट बनवते. डोक्याला पट्ट्याने बांधायचा, डोळ्यांपुढे घट्ट बसणारा एक डबा. चढवला की खोली नाहीशी होते आणि समोर तळे, होडी, लाकडी पूल, वर चंद्र! मान वळवाल तिकडे ते जग वळते. त्यात दिसणारा प्रत्येक शब्द आणि खोक्यात घालायचे माहितीपत्रक मराठीत लिहिणे, हे माझे काम. दादा नेहमी म्हणायचा, "मराठी घेऊन पहिली येशील, पण पुढे काय?" पुढे हे! घरात केवढा आनंद झाला होता.

लिहायचे तर आत जाऊन पाहायला हवे. मी जाते. सगळ्यांना तळे स्थिर दिसते. मला पूल पायाखालून सरकतो आणि चंद्र दोन दिसतात.

बोलू कुणाशी? काल "हेडसेट"ऐवजी "शिरस्त्राण" सुचवले, तर ज्याने हे तळे संगणकावर उभे केले तो लंबू खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "शिरस्त्राण! अहो बाई, ढाल-तलवार पण खोक्यातच देणार का?" आता माझे नावच शिरस्त्राण पडले आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

आजही चंद्र दोनच. कुणाला बोलले नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी बोलावून घेतले. मला वाटले, संपले! पण ते मायेने बोलले.

"सवय होते गं. पुस्तकी माणसांना जरा वेळ लागतो, एवढंच. पण हे बघ, डोक्यावर ठेवताच येत नसेल तर लिहिणार कशी? महिनाअखेरपर्यंत पाहू."

माहितीपत्रकासाठी एक वाक्य हवे होते. अर्थ त्यांनी सांगितला, मी तिथेच रचले: "काही वापरकर्त्यांना सुरुवातीस भोवळ येऊ शकते, सवयीने ती नाहीशी होते." साहेब मराठी फर्डे बोलतात, पण वाचायची वेळ आली की त्यांना घाम फुटतो. म्हणाले, "तूच वाचून दाखव." दाखवले. "एक नंबर! ऐकूनच बरं वाटतं. अठरा तारखेला सगळा मजकूर छापखान्याकडे तूच पाठव. मराठी तपासणारं इथं दुसरं कोण आहे? तू पाठवशील तेच छापलं जाईल."

अभिमान वाटला. मग जागेवर येऊन तेच वाक्य पुन्हा वाचले आणि ते मलाच उद्देशून लिहिल्यासारखे वाटले. सवयीने जाते. मग माझी का जात नाही? माझे डोळे, की कान, की डोकेच? शाळेत झोपाळ्यावरही मी बसत नसे. बहुधा माझ्यातच काहीतरी कमी आहे.

ता. क. — आप्पांविषयी लिहायचे राहिले. आप्पा म्हणजे खोलीच्या मधोमध टेबलावर ठेवलेले प्लॅस्टरचे डोके. काचेचे डोळे, नाक जरा फुटलेले. रोज सकाळी प्रत्येक हेडसेट आधी आप्पांना चढवून नीट बसतो का ते पाहतात, मग आमच्या हाती देतात. लंबू रोज म्हणतो, "उठा आप्पा, जग बघा!" मीही आता मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते. त्यांना भोवळ येत नाही. भाग्यवान.

८ फेब्रुवारी, रविवार

सराव व्हावा म्हणून एक हेडसेट घरी आणला आहे. दादाने चढवला आणि खोलीभर हात मारत सुटला. "होडी काय पळते! आई, बाजूला हो, बुडशील!" आईने ओट्याला पाठ लावून त्याच्याकडे असे पाहिले, जणू मुलगा हातचा गेला.

मग वहिनी. चढवला. मान इकडेतिकडे वळवली. मग म्हणाली, "चंद्र दोन आहेत का गं यात?"

दोन चंद्रांचे मी घरात कुणालाच बोलले नव्हते!

दादा हसला. "झालं! तुम्ही दोघी बसच्या मागच्या सीटवरसुद्धा हिरव्यापिवळ्या पडता. तुम्हाला हे झेपायचं नाही."

"मला काही झालेलं नाही," वहिनी डबा न काढताच म्हणाली. "या डब्याला झालंय."

डब्याला काही झाले असेल, हे इतक्या दिवसांत माझ्या मनाला शिवलेही नव्हते. गणिताचे उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळले नाही की मी आख्खे गणित खोडून पुन्हा करायची. मागचे उत्तर चुकले असेल, अशी शंका घेण्याची प्राज्ञा नव्हती. वहिनी मात्र सरळ एक डोळा मिटून मोकळी! "हं, आता एकच चंद्र. दुसरा मिटला, तरी एकच. दोन्ही उघडले की दोन. बघ तू."

पाहिले. अगदी तसेच.

म्हणजे प्रत्येक डोळा चांगला आहे. बिघडते ते दोघांच्या मध्ये. पण मध्ये तर माझे नाकच आहे!

९ फेब्रुवारी, सोमवार

लंबूला विचारले. त्याआधी दोनदा त्याच्या टेबलापर्यंत जाऊन परत आले, तिसऱ्यांदा त्यानेच म्हटले, "बोला शिरस्त्राण, युद्ध आहे का?"

हेडसेटच्या खालच्या अंगाला पिवळ्या चिकटपट्टीखाली काहीतरी टोचते, ते काय, असे विचारले.

"ते होय? चाक. भिंगं जवळ-लांब करायचं. प्रत्येकाच्या डोळ्यांतलं अंतर वेगळं असतं ना. पण जो तो फिरवून ठेवायचा, मग सकाळी आप्पांना बसेना. म्हणून आप्पांच्या मापाला लावून पट्टी मारून टाकली."

"मग आपण सगळे..."

"आप्पांच्या डोळ्यांनी बघतो!" तो खदाखदा हसला. "मग काय झालं? आप्पा देखणे आहेत." आणि माझे तोंड पाहून हसायचा थांबला.

पट्टी त्यानेच सोलली. मी डबा चढवला आणि चाक फिरवत गेले. दोन चंद्र एकमेकांकडे सरकू लागले. सरकत सरकत — एक! पूल थांबला. पाणी थांबले. मी पुलाच्या मधोमध उभी होते, कशालाही न धरता.

भिंगांवर वाफ धरली. आत रडू नये, हे माहितीपत्रकात घालायला हवे.

"काय झालं? परत उलटी?"

"नाही. चंद्र एकच आहे."

"एकच आहे. मीच काढलाय ना तो."

११ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना सांगायचे वाक्य आरशासमोर पाठ केले. त्यांच्या दारात गेले तर त्यांनीच "काय गं?" विचारले आणि मी म्हणाले, "काही नाही, पंखा चालू आहे का पाहत होते." पंखा! वक्तृत्वाच्या स्पर्धेला भाषण लिहून देणारी मी, बोलणारी नेहमी दुसरीच असायची.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितले. चूक किती साधी, पट्टी काढली की सुटते, सगळे धडाधड बोलून गेले. वाटले होते, एक तर ते चिडतील, नाही तर शाबासकी देतील. दोन्ही नाही.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले आणि खणातून एक नवा कोरा हेडसेट काढून माझ्या हातात दिला. "दुकानात जाणार तो हा."

मी तो उलटा केला. खालचे अंग गुळगुळीत. चाक नाहीच.

"वजन वाढतं, मोडतंही पहिलं तेच. पट्टी मारूनच ठरवलं आम्ही, चाकाविना चालतं का ते. चाललं. बहुतेकांना आप्पांचं माप जमतं."

"आणि ज्यांना जमत नाही?"

"त्यांच्यासाठी तुझं वाक्य आहे की! छान उतरलंय ते." मग उठून खांद्यावर थोपटले. "तू चाकवाला नग वापर, खुशाल फिरव. नोकरी पक्की समज."

मी "आभारी आहे" म्हणाले. खरोखर म्हणाले!

१५ फेब्रुवारी, रविवार

काही उलगडत नाही. ते वाईट नाहीत. चहा मागवतात, हाक मायेने मारतात. तयार चप्पल तरी कुठे सर्वांच्या पायांना येते? पण चप्पल चावली तर माणूस चप्पल बदलतो. पायाला सवय लाव, असे खोक्यात लिहून येत नाही. की येते, आणि मी वाचले नाही? आणि हे वाक्य दुसऱ्या कुणाचे असते तर मी एवढी तळमळले असते का?

वहिनीला सगळे सांगितले. दूध तापत होते. ते उतरवून ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे मी विकत घेतला असता, तर तुझं वाक्य वाचून महिनाभर सवय करत बसले असते?"

"हो."

"आणि तुझा दादा म्हणाला असता, तुला झेपत नाही."

"हो."

"बरं," ती म्हणाली. तिचे "बरं" मी ओळखते. ते बरे नसते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लंबूने विचारले, "शिरस्त्राण, आज एवढं खोडाखोड काय चाललंय?" म्हटले, भोवळीचे वाक्य जमत नाही. तो म्हणाला, "ते तर पास झालंय ना?"

झाले आहे. म्हणूनच जमत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

"दोन-दोन दिसत असल्यास एक डोळा मिटून पाहावे. चित्र एक झाले, तर तुमच्यात काहीही दोष नाही. हे उपकरण तुमच्या डोळ्यांच्या मापाचे नाही. सवयीने ते तुमच्या मापाचे होणार नाही. परत करावे."

भोवळीच्या वाक्याच्या जागी हे घालून छापखान्याला पाठवले. त्याच क्षणी साहेबांनाही, लपवून नाही. वाचून दाखवायला मी जागेवरच आहे.

बुधवार, १८ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.