दुसऱ्या रकान्यातली खूण

मंगळवार, ता. ३

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की त्या सहा वर्षांच्या मुलीला आपल्या आणि तिच्या घरच्या, अशा दोन्ही भाषांत तपासलं. ते खरं नाही. फक्त आपल्या भाषेत तपासलं आणि अहवालात दोन्ही रकान्यांत खूण केली. बाहेर अकरा मुलं ताटकळत होती, पण ती सबब झाली.

आमच्या वाचा-तपासणीत मुलांच्या ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून चित्रांची नावं विचारतात. पान, तवा, काकडी म्हणताना पट्टी हलता कामा नये. तिची दर वेळी फडफडली. मी ‘वाचादोष’ लिहिलं. त्यावरून बारा तारखेला समिती तिला लांबच्या वसतिशाळेत धाडायचं ठरवणार आहे.

काल ती जिन्यात धाकट्या भावाला झापत होती, वडिलांच्या भाषेत, कुठेही न अडखळता. त्या भाषेत ही अक्षरं श्वास सोडूनच म्हणतात. आई दिवसभर कारखान्यात, वडील घरी शिवणकाम करतात. पोर त्यांच्याच बोलण्यावर वाढली. तिची जीभ ठीक आहे, आत्या. आपली भाषा ती वडिलांच्या भाषेच्या वळणाने बोलते, एवढंच.

हे सांगितलं तर नोकरी जाईल. अजून कायम झालेली नाही. रागावलीस तरी उत्तर लिही.

तुझी,
खार

शुक्रवार, ता. ६

चि. खारीस अ. उ. आ.

पत्र वाचताना माझा चेहरा बघून तुझ्या काकांनी विचारलं, कोण आजारी आहे. म्हटलं, कोणी नाही, पोरगी खरं बोलायला लागलीय.

दहाव्या वर्षापर्यंत तू माझ्याच स्वयंपाकघरात शिकलीस. शाळेतल्या पहिल्याच दिवशी बाईंनी ढ ठरवून मागे बसवलं, तेव्हा आठवडाभर तोंड उघडलं नव्हतंस. या पोरीला तर घर सोडावं लागेल.

रडत जाऊ नकोस. आधी तिला नीट तपास, वडिलांना शेजारी बसव. आणि खूण चुकून झाली असं म्हणू नकोस. नोकरी गेलीच तर इकडे ये. तुझ्या खोलीत काकांनी कांदे पसरलेत, ते हलवायला मला निमित्त हवंच आहे.

काळजीत असलेली,
आत्या

सोमवार, ता. ९

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आज शाळा सुटल्यावर तपासलं. वडील त्यांच्या भाषेत नावं विचारत होते, मी पट्टी धरली होती. त्या भाषेत पट्टी फडफडायलाच हवी; चाळीसपैकी चाळीस बरोबर. पोर पास झाली का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ती नापास नव्हतीच. न तपासता खूण मी केली. त्यांनी पिशवीतून वसतिशाळेचा गणवेश काढला. बाह्या लावायच्या राहिल्यात, लावू की थांबू, एवढंच विचारलं. मी थांबा म्हटलं खरं, पण तसं सांगायचा मला अधिकार नाही.

सहकारी म्हणतात, नवा अहवाल जोड, जुन्या खुणेचं कशाला काढतेस. तसाही एक अर्ज लिहिला होता, तो फाडला. खुणेचं न सांगता लिहिलं तर, दोन्ही भाषांत तपासल्याचं सांगणारा जुनाच अहवाल समिती धरेल.

समितीपुढे अहवाल ठेवणाऱ्या आमच्या मोठ्या बाई दौऱ्यावर आहेत, समितीच्या आदल्या दिवशी परततील. तुझा लोभ माझ्या नोकरीवर नव्हता, तो तसाच राहू दे. बुधवारी, अकरा तारखेला, सकाळी दहा वाजता मी दोन्ही अहवाल, खुणेच्या कबुलीसकट, त्यांच्या हातात देणार आहे.

तुझी,
खार