जांभळ्या लाकडाची चौकट

३ नोव्हेंबर, सोमवार
डॉक्टरांनी कंपवाताची गोळी वाढवली. अर्धी होती, आता पूर्ण. उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरतो, कामाला लावला की कमी. बारीक कामं मात्र जमत नाहीत. शर्टाची बटणं, चहाचा चमचा. हाताला काम देत राहा म्हणाले. कोणतं, ते सांगितलं नाही.
चौतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात सुवाच्य अक्षरात दाखले लिहिले. आता या वहीतलं अक्षर माझं मलाच लागत नाही. तरी लिहायची.

५ नोव्हें., बुध.
रशीद आला. वाचनालयामागच्या खोलीत एकतीस वर्षं आम्ही जोडीने कॅरम खेळलो. एप्रिलपासून मी गेलेलो नाही. स्ट्रायकर बोटाखाली ठरत नाही, लोक नजर चुकवतात. त्याला हे माहीत आहे, म्हणून ये म्हणाला नाही. फक्त सांगितलं की बोर्डाची चौकट मेली आहे, स्ट्रायकर आपटून परत येत नाही, तिथेच बसतो. नवा बोर्ड आणायचा म्हणतात.
मी म्हणालो, मी करतो. का म्हणालो कोण जाणे. वडिलांबरोबर लहानपणी रंधा मारला होता, तेवढंच.
बायको, सुलू, आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "करवत हातात घ्यायची नाही."

९ नोव्हें., रवि.
रशीदचं राहनाळचं गोडाऊन. पूर्वी तिथे त्याचे माग होते. दक्षिण अमेरिकेतून कुठलंसं मशीन आलं, त्याच्या तळाला चार ओंडके होते, ते मागे टाकलेले. राखाडी, मळके, खिळ्यांनी भरलेले. एक टोक उचलायला गेलो, हललं नाही. हमाल म्हणाला, जळतही नाही, कोणी नेत नाही.
नखाने दाबून पाहिलं. खूण उठत नाही. चौकटीला हेच पाहिजे.

१२ नोव्हें., बुध.
खारबावला भगवान सुतारांकडे. टेंपोतून एक ओंडका नेला. खिळे काढण्यात सकाळ गेली. आऱ्यावर, मशीनच्या करवतीवर, घातला तर धूर, डिंकासारखा चिकट रस, पातं निळं पडलं. भगवान चिडले नाहीत, पातं हातात घेऊन बघत बसले. "भाऊसाहेब, ह्यो लाकूड न्हाय, लोखंड हाय. येवढ्या वरसांत असा न्हाय कापला."
आतून मातकट तपकिरी निघालं. जरा हिरमोड झाला. पाच पट्ट्या, त्यातली एक चिरलेली. चार घरी आणल्या.

१४ नोव्हें., शुक्र.
दोन दिवस पट्ट्या गच्चीत उभ्या होत्या. सकाळी सुलूने हाक मारली. पट्ट्या जांभळ्या! रंग लावलेला वाटावा इतक्या. भिंतीकडची बाजू अजून तपकिरी. फिरवून ठेवल्या. फोनवर शोधलं, पर्पलहार्ट नाव आहे, गयाना-ब्राझीलकडचं. कापल्यावर हवा-उजेड लागला की असं होतं. पुढे काही वर्षांनी काळपट पडतं म्हणे.
भगवानना फोन केला. ते त्याला वांगी लाकूड म्हणायला लागले आहेत.

१९ नोव्हें., बुध.
रंधा. पहिले तीन दिवस नुसता भुगा, सालपट नाही. पातं दर दहा मिनिटांनी बोथट. आज भगवाननी फोनवर सांगितलं, पातं अगदी थोडं बाहेर काढा, आणि हाताने ढकलू नका, कमरेने ढकला.
ढकललं. हातभर लांब जांभळं सालपट निघालं. पुन्हा. पुन्हा. सगळं अंग रंध्यावर टाकलं की हात थरथरत नाही. थांबलो की सुरू.
मग थांबलो नाही. अकरापर्यंत.

२४ नोव्हें., सोम.
कोपरे कापायला घेतले. पटाशी सटकली. हात नव्हता चुकला, लाकडाची रेषाच उलटी होती. की हातच चुकला. डाव्या तळव्यात लाकडाची इंचभर कूस घुसली. दवाखाना, दोन टाके.
सुलूने सगळी हत्यारं कपाटात घालून किल्ली कमरेला लावली.  

२६ नोव्हें., बुध.
आज बोलली. मला वाटलं होतं रागावेल. म्हणाली, गेल्या सहा महिन्यांत तू सकाळी कशासाठीच उठला नाहीस, आता उठतोस, ते मला दिसतं. पण मला रोज तुझ्या हाताकडे बघत बसावं लागतं, पोळी करपते.
मी म्हणालो, सोडून देतो.
"सोड म्हटलं का मी? एकटा करू नकोस म्हटलं."
किल्ली टेबलावर ठेवली.

३० नोव्हें., रवि.
सुलू पट्टी दाबून धरते, मी कापतो. शाळेत भूमिती शिकवायची, पंचेचाळीस अंशांवरून मला बोलते. पाव मिलिमीटरचा वाद अर्धा तास. तीन कोपरे बसले. कागद जात नाही मधून.
तिच्या साडीवर जांभळा भुगा. झटकला नाही तिने.

६ डिसें., शनि.
नव्या प्लायभोवती चौकट चिकटवली. लाकूड तेलकट, गम धरत नाही. आधी स्पिरिटने पुसून घेतलं. दोन दिवस आवळून ठेवणार. उजवा पाय जड वाटतो आहे. डॉक्टरांना सांगायचं आहे. सुलूला सांगितलं.

१४ डिसें., रवि.
बोर्ड खोलीत नेला. रशीदने जुना कालच एका मंडळाला देऊन टाकला होता, मला न विचारता. आठ-दहा जण. कोणीतरी चौकटीवरून हात फिरवला, रंग कुठला मारलात म्हणाला. सांगितलं, मारलेला नाही.
रशीदने स्ट्रायकर माझ्यापुढे ठेवला. मारला. सोंगटी गेली नाही, पण स्ट्रायकर समोरच्या पट्टीवर आपटून थेट माझ्या बाजूला परत आला.  दुसऱ्या, तिसऱ्या बाजूलाही तसाच. चौथ्या बाजूला मेल्यासारखा. वाकून बघितलं. कोपरा उघडलाय, केसाएवढा.
रशीद हळूच म्हणाला, भुगा नि गम भर, कोणाला कळतंय.
"मला कळतंय."
त्याने चौकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "और बोर्ड तो अब है नहीं, श्रीकांत. सब लोग बैठे रहेंगे."
म्हणालो, बसू देत.
बोर्ड परत न्यायला त्यानेच पहिलं टोक उचललं.

१५ डिसें., सोम.
कोपरा सोडवला. चौथी पट्टी अर्धा अंश जास्त कापली गेली होती, आखूड पडली आहे. त्या दिवशी वाद मीच जिंकलो होतो. सुलू काही म्हणाली नाही, हे तिचे उपकार.
आता ती पट्टी कामाची नाही. नवी हवी. गोडाऊनमध्ये तीन ओंडके आहेत, पण रशीद म्हणतो त्यातला एक वेगळाच दिसतो. गुरुवारी जाऊन बघायचं. भगवाननी नवं पातं मागवलंय, म्हणाले वांग्याला ह्या वेळी बघतो.
पाय तसाच. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची.
सुलूने कोन तपासायचा गुण्या स्वतःकडे घेतला आहे.