उरलेलं झुरळ

३ फेब्रुवारी, सोमवार

अहो, ऐकताय का? तुमच्या बायकोला नोकरी लागली. कसली ते सांगते, पण आधी तिथं वर एखादी खाट असेल तर तिच्यावर पाय घेऊन बसा. झुरळं सांभाळायची! एक झुरळ दिसलं की तुम्ही पाय वर घेऊन माझ्या नावानं ओरडायचात, आणि मी चप्पल घेऊन धावायचे. आता त्याच जातीला मी दोन वेळा जेवू घालणार आणि वर पगार घेणार.

निघताना सुनेला म्हटलं, बाई, तुझ्या भाजीला नावं ठेवायला आता कुणी नाही, रडू नकोस हो. ती काही रडली नाही. पोरगा बसपर्यंत ट्रंक घेऊन आला. आई, तिथं तरी नीट वाग, म्हणाला. मी म्हटलं, झुरळांची मी काय खोडी काढणार?

घर रस्त्याच्या टोकाला एकटंच आहे. आत छान ऊब. मालकीण चाळिशीची, काडीसारखी, बोलायला गोड. ती मला मावशी म्हणते, मी तिला ताई. काचेच्या पेट्यांतून बेडूक, सरडे, पाली असलं सगळं पाळलंय, आणि आठवड्याला गाडीतून नेऊन विकते. त्यांना खायला जिवंत झुरळं लागतात, ती घरीच वाढवायची. मला विचारलं, बीपी आहे का, साखर आहे का, कसल्या गोळ्या चालू आहेत का. मी म्हटलं, जन्मात गोळी घेतली नाही आणि सगळे दात जागेवर आहेत, अक्रोड फोडून दाखवू? आणि दाखवलाच फोडून. तिनं टाळी वाजवली. आधीच्या मावशींना म्हणे सगळं कुस्करून द्यावं लागायचं.

मग मला वजनकाट्यावर उभं केलं. रद्दी घेतात तशी घेतलीन मला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज शिकवणी झाली. झुरळांची खोली मागच्या अंगाला, खिडकी नाही. भिंतीला लागून प्लॅस्टिकचे मोठे डबे. झाकणं नाहीतच! मी घाबरले नाही, पण विचारलं. ताई म्हणाली, ही आपल्या मोरीतली झुरळं नव्हेत, यांना गुळगुळीत भिंत चढता येत नाही. डबा उघडा असला तरी जातील कुठं? आत अंड्यांचे पुठ्ठे उभे लावलेत, त्यांच्या खाचांत सगळं गोकुळ. डब्याखाली गरम पट्टी. बाप्यांना पंख, बायांना नाहीत. इथंही तेच, म्हटलं मी. पाणी वाटीत द्यायचं नाही, बुडून मरतात. संत्र्याची फोड ठेवायची.

खायला गाजर, भोपळा, संत्री, ओटचा भरडा, सगळं ताजं. मी म्हटलं, ताई, एवढे लाड तर माझ्या सासूनंही केले नाहीत. तर म्हणाली, मावशी, झुरळ म्हणजे नुसती पिशवी. आत काय भरलंय ते महत्त्वाचं, ते बेडकाच्या अंगी लागतं. म्हणून रस्त्यावरचं झुरळ कधी घालायचं नाही, त्यानं कुठलं तरी औषध खाल्लेलं असतं.

घालायच्या आधी पिशवीत पांढरी पावडर टाकायची, त्यात झुरळ सोडायचं आणि हलवायचं. हाडं बळकट करणारी पावडर आहे, खडूसारखा वास येतो. नवरीला पावडर थापून सासरी धाडावं तसं ते पांढरं झुरळ निघतं. बेडूक मातीत डोळ्यांपर्यंत पुरून बसलेला. झुरळ हललं नाही तोवर त्याला ते दिसतच नाही. हललं की संपलं. आणि अहो, गिळताना त्याचे डोळे आत जातात! डोळ्यांनीच घास खाली ढकलतो म्हणे.

एक नियम तिनं दोनदा सांगितला. बेडकानं खाल्लं नाही तर उरलेलं झुरळ पेटीत ठेवायचं नाही, लगेच काढून घ्यायचं. गार पडलं की बेडूक झोपतो, आणि तो झोपला की तेच झुरळ त्याला कुरतडतं. पापणीपासून सुरुवात करतं. तिच्या एका लाडक्या बेडकाचा डोळा असाच गेला. मी म्हटलं, शाब्बास रे झुरळा! ताईला ते आवडलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

माझं आयुष्य असं कधी गेलं नव्हतं. सकाळी उठायच्या आत गाजराचा रस. मग अंडी, संत्री, उकडलेला भोपळा, पुन्हा संत्री. भांडी ती घासते. मी फक्त झुरळांना घालायचं आणि स्वतः खायचं. परवा माझं वजन वाढलेलं बघून ताईचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं मीच बाळंत झाले. मी तिचं नाव तराजूबाई ठेवलंय. मनात.

झुरळांनाही नावं ठेवलीत. सगळ्यात जाडी ती नणंदबाई. चालताना तशीच डुलते, वाटेत कुणी आलं की तशीच ढकलते. तुमची बहीण आहे, रागावू नका.

माझ्या फोनचा चार्जर ट्रंकेतून कुठं गेला कळत नाही. ताईच्या फोनवरून पोराशी बोलले. म्हटलं, अरे, ही बाई मला खायला घालून घालून मारणार बघ, कापायच्या बोकडासारखी जपते. तो हसला, बाजूला सूनही हसली. ताईसुद्धा हसली. जरा उशिरा हसली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज नणंदबाई गेली. ताईनं स्वतः उचलली. आता पुरेशी भरलीय, म्हणाली. मला उगाच वाईट वाटलं. हसू नका.

नवीन काम मिळालं. झुरळांच्या खोलीपलीकडे अजून एक खोली आहे, तिथं दिवसातून एकदा पाणी शिंपायचं. उंबऱ्याच्या आत एक पायरी खाली, आणि मग भिंतीपासून भिंतीपर्यंत ओली काळी माती, पालापाचोळा. वर लाल दिवा. दाराशेजारी आतल्या भिंतीला जाड वायर आहे, तिनं मातीखालच्या गरम पट्ट्या चालतात. ताईला विचारलं, काय पेरलंय? ती म्हणाली, कुंडीची माती तयार होतेय, आत उतरू नका, दारातूनच शिंपा.

मध्यभागी मातीचा उंचवटा आहे. त्यात दोन गोल दगड बसवलेत, नारळाएवढे. पाणी पडलं की चकाकतात. सुंदर दिसतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज अंगणात जाऊन बसले. अहो, इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. कुंपणाची भिंत आतून वरपर्यंत फरशीची आहे. बाथरूमला असते तशी, चकचकीत. हात ठेवला तर घसरतो. फाटकाला कुलूप. ताईला किल्ली मागितली, म्हटलं, जरा पाय मोकळे करून येते. ती म्हणाली, चालून वजन उतरेल. आणि हसली. मीही हसले. कशाला हसले कुणास ठाऊक.

शिंपायला गेले. दगड जागेवर होते. पण दाराकडे तोंड करून होते. दगडाला तोंड असतं का? मला असं वाटलं एवढंच. मी कळशी आपटली, फाजीलपणा म्हणून. तर एक दगड—

नाही. लाल उजेडात डोळे फसतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज उंबऱ्याशी माती उकरलेली होती. आतून वर आलेली. तिच्यात मुठीएवढा कडक गोळा होता, पाली टाकतात तसा, पण किती मोठा. काडीनं फोडला. केसांचा गुंता. ब्लाउजचे हुक. आणि दात.

खोटे दात. वरची कवळी, गुलाबी हिरड्यांसकट. नीट, न तुटलेली. न पचलेली.

आधीच्या मावशींना सगळं कुस्करून द्यावं लागायचं.

मी कवळी परत मातीत ढकलली. हात धुतले. ताईनं दुपारी भोपळा वाढला, खाल्ला. न खाऊन कळू कसं देऊ? तिनं दंड दाबून बघितला माझा. मी म्हटलं, ताई, गुदगुल्या होतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ताईला सांगितलं, मी खोटं बोलले, मला साखरेच्या गोळ्या चालू आहेत, कडक. औषध भरलेलं झुरळ कोण घालेल? ती शांतपणे म्हणाली, मावशी, तुमची ट्रंक मी पहिल्याच दिवशी बघितली. एक गोळी नाही. थट्टा पुरे.

पोराला फोन लावून दे म्हणून हट्ट केला. दिला. शेजारी बसून राहिली. मी म्हटलं, बाळा, मला घेऊन जा, खरंच, आजच ये. इथं मला खायला— तो म्हणाला, हो हो, बोकडासारखं कापणार ना? सुनेला ओरडून सांगितलं, अगं, आईचं पुन्हा सुरू झालं बघ. मी रडले तर म्हणाला, वा, आज तर रडूनपण दाखवतेस!

तुम्ही म्हणायचात ना, एक दिवस तुझं खरं कुणी ऐकणार नाही. तेव्हा मी तुमच्या चपला लपवल्या होत्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून खायलाच घालतेय. ताटाशी बसून. अजून थोडं, अजून एक घास. संत्र्याच्या फोडी हातानं भरवल्या.

भिंत चढून बघितली. नखं मोडली. तिनं खिडकीतून बघितलं आणि पुन्हा संत्री सोलायला लागली. डब्याला झाकण कशाला लागतं?

ती आलीय. म्हणते, मावशी, उकाड्यानं घामोळं आलं असेल, पाठ करा, पावडर लावते.

तोच डबा. खडूचा वास—

तोच दिवस

मातीच्या खोलीत आहे. दार बाहेरून लावलंय. गाडी गेल्याचा आवाज आला. बाजाराचा दिवस. म्हणजे संध्याकाळशिवाय येत नाही ती.

वही कमरेला खोचलेली होती, पेन्सिल आत होती. भिंतीला टेकून उभी आहे. हललं तरच दिसतं. फक्त बोटं हलतायत, ती पदराआड. लिहितेय म्हणून बाकीचं अंग ऐकतंय.

ढकलली तेव्हाच मी वायर धरून पडले. ओढून काढली. लाल दिवा चालूच आहे, पट्ट्या बंद. गार पडलं की खात नाही.

दोन्ही दगड उघडे आहेत. माझ्याकडे.

ओठ मातीच्या कडेपासून कडेपर्यंत आहे. मला वाटलं होतं ती माती—

पावडर नाकात गेलीय. शिंक येतेय. अहो, शिंक—

गेली. दाबली.

नंतर

माती पायाखाली गार लागतेय. आधी ऊन ऊन होती.

ते एकदा पुढं सरकलं. सगळी खोली सरकली. मी डोळेसुद्धा मिटले नाहीत. थांबलं.

श्वास घेतं. खूप वेळानं एकदा. मघापेक्षा उशिरा.

पाय बधिर. हलायचं नाही. लग्नात तुमच्याशेजारी बसले होते तशी बसायचं, सॉरी, उभं राहायचं. तेव्हाही पावडर होती.

हसू आलं. हलले. दगड फिरला—

नाही. बघितलं नाही त्यानं.

नंतर

उजवा मिटला.

पापणी खालून वर येते. पातळ आहे. दुधावरच्या सायीसारखी.

डावा अर्धा.

गारठलेय. दात वाजतायत. आवळून धरलेत. सगळे आहेत. त्या मावशींचे मातीत राहिले. माझे तोंडात आहेत.

डावा मिटला.

ताई विसरली, अहो. मला दोनदा सांगितलं आणि स्वतःच विसरली. उरलेलं काढून घ्यायचं असतं.

चप्पल काढून ठेवली, आवाज नको. माती मऊ आहे. तुम्ही पाय वर घेऊन बसा. मी पापणीपासून सुरू—