तीन किलोचा बॉल

सर, तुमच्या मागं तुमच्या पोरीनं एकोडीचं घर आवरलं आणि वाळूचे ते दोन बॉल माझ्या शाळेत आणून दिले. मी आता वरठीला पोरींना व्हॉलीबॉल शिकवते. "बाबांनी आपल्या दोघींसाठीच तं बनवले होते," म्हणाली. तिला चहा पाजला, ती गेली, आणि मी तडक किराणा दुकानात जाऊन दोन्ही बॉल काट्यावर ठेवले. तिचा भरला तीन किलो. माझा दोनच्या आसपास. दोन्हींवर तुमच्याच हातानं ऑइलपेंटनं काढलेलं जिचं तिचं नाव आणि तीनचा आकडा. मला नवल वाटलं नाही. इतकी वर्षं मला हाच तर संशय होता.

अजून डोळ्यांसमोर आहे: जुन्या व्हॉलीबॉलमध्ये वाळू भरून तुम्ही काळ्या दोऱ्यानं शिवता आहात, आम्ही दोघी बघतोय. गुडघ्यांवर बसून तो डोक्यामागून फेकायचा. स्मॅशची ताकद दंडात अशीच येते, तुम्ही म्हणता. जिल्ह्याच्या टीमच्या निवडीच्या महिनाभर आधी माझा बॉल एकाएकी लांब जायला लागला आणि मी आईला दंड दाखवत फिरले. आई म्हणाली, "घरची पोरगी सोडून सर तुले कायले पुढं करन?" तसंच झालं. निवडीत माझे स्मॅश लेचेपेचे पडले, नाव तिचं आलं. सरांनी पोरीसाठी मला कच्चं ठेवलं, असं मी गावभर सांगितलं. तुमच्या मातीलाही आले नाही. शाळेत काम आहे म्हणून कळवलं, काम काही नव्हतं.

काट्यावरून बॉल उचलताना शिवण हाताला लागली. तिचा बॉल सगळा काळ्या दोऱ्याचा. माझ्या बॉलची एक बाजू उसवून पुन्हा शिवलेली, धानाच्या पोत्याच्या सुतळीनं. म्हणजे वाळू नंतर काढली. मग आठवलं, बॉल लांब जायला लागला तो मी सायकलवरून पडले त्याच आठवड्यात. पडल्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, टीममधून काढाल म्हणून. तुम्ही मैदानाच्या कडेला थांबवून विचारलं होतं, "का वो, खांदा दुखून राहिला का तुहा?" मी म्हटलं, "नाही सर." तुम्ही मान हलवली आणि माझा बॉल घरी घेऊन गेलात.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. वाळू माझ्या खांद्यासाठी काढली की पोरीच्या निवडीसाठी, हे सुतळी सांगत नाही, आणि नुसत्या टाक्यांवरून तुम्हाला चांगलं म्हणायला मी आजही तयार नाही. मला खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण हे विचारायचा हक्क मला उरलाय का, तेही कळत नाही. तुमच्या पोरीला फोन लावला होता, उचलायच्या आत कापला. हे पत्र तिच्याकडेही देणार नाही, कपाटात त्या बॉलखालीच राहील.

दुखत होता, सर. हात पुरता वर जात नव्हता.